सोमवारचं झाकण

बाइंडरबाईंना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. एकोणतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईला वेगळं नाव हवं तरी कशाला? खाली दुकान, वर घर, दुकानात दोन माणसं. बाई फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायच्या, आणि त्यांचे यजमान पुठ्ठे कापायचे, खळ शिजवायचे, पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळायचे. यजमानांना सगळे मास्तर म्हणत. खरा मास्तर कोण, हे दुकानात पाऊल टाकणाऱ्याला दोन मिनिटांत कळायचं, पण बाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मान त्यांना मिळतोय तर मिळू दे, सुई माझ्याकडे आहे ना, झालं तर मग!

आणि सुई तरी कशी! बाईंनी शिवलेलं पुस्तक कुठल्याही पानावर उघडा, टेबलावर सपाट पडून राहणार. वर चष्म्याची डबी ठेवायला नको, कोपरानं दाबायला नको. नुसत्या गोंदानं चिकटवलेल्या पुस्तकांबद्दल बाईंचं जे मत होतं ते ऐकण्यासारखं होतं, पण छापण्यासारखं नव्हतं.

अशा बाईंचे हात दोन वर्षांपूर्वी दुखायला लागले. एक दुखला आणि दुसरा वाचला असंही नाही, दोन्ही अगदी वाटून घेतल्यासारखे. सकाळी उठलं की बोटं मिटत नसत. ब्लाउजची बटणं लावायला अर्धा तास. दात घासायचा ब्रश हातातून निसटायचा. पेरं सुजून लाल झालेली. एका सकाळी सुई बोटांतून गळून पडली, ती उचलायला बाई वाकल्या, तर चिमूटच जमेना. जमिनीवर बसून त्या सुईकडे बघत राहिल्या. मास्तरांनी ती उचलून दिली, तेव्हा बाईंनी ती सुयांच्या उशीत खोचली, दोऱ्यांची टोपली खुंटीला अडकवली आणि तिच्यावर फडकं टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "आमवात आहे. हाडं झिजल्यामुळे होतो तो प्रकार नाही हा. शरीराची रखवाली करणारी जी फौज असते ना, ती चुकून आपल्याच सांध्यांवर हल्ला करते."

"म्हणजे घरचाच पहारेकरी घरच्यांना बडवतोय?"

"अगदी तसंच."

"मग त्याला कामावरून काढा की!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काढता येत नाही, शांत करता येतं. त्यासाठी आठवड्याला ही गोळी, आणि ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी. गोळी मनानं बंद करायची नाही. पण सगळं गोळीवर टाकून बसायचंही नाही. चालणं, झोप, जेवण, हातांचे व्यायाम, हे तुम्हालाच करावं लागेल. ते मी बाटलीत भरून देऊ शकत नाही."

एवढं स्पष्ट सांगूनही बाई घसरल्याच. शेजारीण बसलेली होती ना! या बाईकडे प्रत्येक दुखण्यावर तीन उपाय आणि प्रत्येक उपायाला एक बरी झालेली आतेबहीण. तांब्याचं कडं घाला, कडू रस प्या, गरम वाळूत हात पुरा. कडं घातलं, त्यानं मनगट हिरवं झालं. रस प्यायला, त्यानं तोंड वाकडं झालं. इथपर्यंत ठीक होतं. पण "ती गोळी पोटाची वाट लावते गं, सोड" असं तिनं म्हटलं आणि बाईंनी चार आठवडे गोळी चुकवली. मग व्हायचं तेच झालं. बोटंच काय, गुडघेही फुगले. जिन्याच्या सात पायऱ्या उतरायला मास्तरांचा खांदा लागला. डॉक्टरीणबाईंनी जी खरडपट्टी काढली ती बाहेर बाकावर बसलेल्या मास्तरांनाही ऐकू गेली. त्या दिवसापासून गोळीचा वार कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहिलेला, आणि शेजारणीचं कडं दुकानात कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं.

मग आली व्यायामताई. दवाखान्यातली ही मुलगी वयानं बाईंच्या लेकीएवढी, पण आवाज शाळेतल्या पी.टी.च्या बाईंचा. तिनं बाईंचं सगळं आयुष्य उलटंपालटं केलं. सकाळी उठल्याबरोबर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. पाण्यातच मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला लावायचा. मग अर्धा तास चालणं, दुखत असेल त्या दिवशी कमी, पण दारापर्यंत तरी. ताटात भाज्या जास्त, तळण कमी, साखर कमी, अक्रोड आणि जवस रोज, मासे आवडत असतील तर उत्तम. दुपारी पडायचं. काम वीस मिनिटं, मग दहा मिनिटं हात मोकळे. "आणि जड काही उचलताना, फिरवताना बोटांना त्रास द्यायचा नाही. तळहात वापरा, कोपर वापरा, खांदा वापरा. मोठे सांधे कशाला आहेत? बसून खायला?"

बाईंना हे बोलणं आवडलं. आपल्या तोंडचं वाटलं.

त्या कामाला लागल्या त्या अशा, की मास्तरांना घाम फुटला. चहात साखर नाही म्हणजे मास्तरांच्याही चहात नाही. चालायला जायचं म्हणजे मास्तरांनीही जायचं. "अगं, आमवात तुला झालाय," असं ते एकदाच म्हणाले. पुन्हा म्हणायची हिंमत केली नाही.

पण हात बरे होतायत हे कळणार कसं? डॉक्टरीणबाई कागद दाखवायच्या, सूज उतरलीय, रक्तातले आकडे सुधारलेत. बाईंचा कागदावर विश्वास नव्हता. जन्म कागदात गेलेला, कागदावर कुणी काहीही छापतं. त्यांनी स्वतःची परीक्षा शोधून काढली, आणि असली परीक्षा बाइंडराशिवाय कुणाला सुचली नसती.

त्यांच्या दुकानाचा आठवडा खळीच्या बरणीनं सुरू व्हायचा. खळ म्हणजे पुठ्ठ्याला कापड चिकटवायची पिठाची लापशी. मास्तर रविवारी संध्याकाळी ती शिजवून काचेच्या मोठ्या बरणीत भरत, फिरकीचं झाकण लावत. कितीही जपलं तरी बरणीच्या गळ्याला थोडी खळ लागतेच. ती रात्रभरात वाळते, आणि सोमवारी सकाळी झाकण असं बसलेलं असतं की भलेभले हात टेकतात. सोमवारचं झाकण हा त्या दुकानातला जुना विनोद होता. पूर्वी ते बाईच उघडायच्या.

"ते झाकण ज्या सोमवारी उघडेल तिथून पंधरा आठवडे मोजायचे," बाईंनी जाहीर केलं. "सोळाव्या सोमवारी उघडलं की सुई हातात घेणार. त्याआधी नाही."

व्यायामताईनं कपाळाला हात लावला. "अहो बाई, झाकणाचा आणि सुईचा काय संबंध? आणि झाकणाशी कुस्ती कुणी खेळायला सांगितली तुम्हाला?"

"तुला नाही कळायचं ते," बाई म्हणाल्या. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुई धरली आणि पुन्हा गळून पडली, तर तिसऱ्यांदा धरायची हिंमत आपल्यात उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

व्यायामताईनं शेवटी हार मानली. तिनं एक रबराची चकती दिली आणि झाकण कसं फिरवायचं ते शिकवलं. पहिल्या प्रयत्नाला झाकण हललंसुद्धा नाही. बाई मोरीत जाऊन रडून आल्या. पण त्याच्या पुढच्या सोमवारी ते उघडलं! बाईंनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली. त्याच्या पुढच्या सोमवारीही उघडलं. रेघांमागून रेघा पडत गेल्या, आणि बाईंची मान दर सोमवारी बोटभर वर जाऊ लागली. दुकानात येईल त्याला त्या रेघा दाखवायच्या. पोस्टमनला दोनदा दाखवून झाल्या.

चौदा रेघा झाल्या होत्या, तेव्हा ग्रंथपाल आले. मोठ्या वाचनालयाचे ग्रंथपाल, अंगापिंडानं भक्कम, दोन्ही हातांत एक नकाशांचा ग्रंथ धरून. हातभर लांब, शंभर वर्षांचा. शिवण सगळी सुटलेली, पानं मोकळी.

"चिकटवून नाही चालणार," ते म्हणाले. "चिकटवला तर पूर्ण उघडणार नाही. निम्म्या नद्या मधल्या घडीत बुडतील. हा शिवायलाच हवा, आणि असं शिवणारं आता कोण राहिलंय? तुम्ही नाही म्हणालात तर मी तो कपाटात कुलूप लावून ठेवणार. मग तो कुणी बघायचा नाही."

बाईंनी ग्रंथाच्या कण्यावरून तळहात फिरवला. जुन्या शिवणीची भोकं बोटाला लागली. कुणीतरी फार नेटकं शिवलं होतं.

"दोन आठवड्यांनी सोमवारी या," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. तेव्हा हो किंवा नाही सांगते."

पंधरावी रेघ पडली. आता एकच उरली.

त्या रविवारी संध्याकाळी बाई चष्मा शोधत होत्या. दुकानात राहिला असेल म्हणून जिना उतरल्या. आता खांदा लागत नव्हता, कठडाही लागत नव्हता. दुकानाच्या दाराला वर काच होती. आत दिवा होता, आणि मास्तर पाठमोरे उभे होते. खळीची बरणी पोटाशी धरलेली, एका हातात ओलं फडकं. त्यांनी बरणीच्या गळ्याशी काहीतरी केलं, मग झाकण फिरवलं, पुन्हा काढलं, पुन्हा फिरवलं.

बाई दारातूनच मागे फिरल्या. चष्मा राहिला तो राहिलाच.

वर जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. "खरं सांग. तुझे बाबा माझ्या बरणीला हात लावतात का?"

कसली बरणी, हे लेकीनं विचारलंसुद्धा नाही. बाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं.

"आई, तुला कुणी सांगितलं?" लेक म्हणाली. "अगं, झाकण उघडलं नाही म्हणून तू रडली होतीस ना, त्या दिवशी बाबांचा फोन आला होता. म्हणाले, मला बघवत नाही, पुढच्या वेळी मी गळा पुसून झाकण सैल करून ठेवणार. तुला बरं वाटावं म्हणून गं. तू रागावू नकोस त्यांच्यावर."

बाई रागावल्या नाहीत. राग परवडला असता. त्यांना लाज वाटली. पंधरा सोमवार आपण सैल झाकण उघडत होतो आणि पोस्टमनला रेघा दाखवत होतो! पहाटेचं कोमट पाणी, बिनसाखरेचा चहा, पावसापाण्यातलं चालणं, सगळं करून हाती काय, तर नवऱ्याची दया. ग्रंथपालांना आता नाही सांगायचं, आणि टोपली खुंटीवरून उतरवून कुणाला तरी देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी सकाळी मास्तरांनी नेहमीसारखं पाणी कोमट करून टबात ओतलं. बाई तिकडे फिरकल्याच नाहीत.

"पाणी गार होतंय," मास्तर म्हणाले.

"होऊ दे."

"बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

मास्तरांनी टब उचलून मोरीत ओतला. एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं एवढं तरी ते शिकले होते.

अकराच्या ठोक्याला ग्रंथपाल आले. ग्रंथ कापडात गुंडाळून आणलेला. बरणी टेबलावर तशीच, झाकणासकट. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"साहेब, माझ्याकडून नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."

मास्तरांच्या हातातली पुठ्ठा कापायची सुरी टेबलावर पडली. "नाही व्हायचं? का नाही व्हायचं? झाकण तर अजून उघडलंही नाहीस!"

"अहो, तुम्ही तर बोलूच नका. काल संध्याकाळी मी दाराशी होते. सगळं बघितलं. आणि लेकीलाही विचारलं."

मास्तरांचा चेहरा पडला. ग्रंथपाल बिचारे कधी याच्याकडे बघतायत, कधी तिच्याकडे. नवरा-बायकोच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्याचं जे होतं ते त्यांचं झालं होतं.

"पाच सोमवार," मास्तर शेवटी म्हणाले. "पहिले पाच सोमवार मी झाकण सैल केलं. कबूल. तुझं रडणं बघवलं नाही मला. पण सहाव्या रविवारी मी विसरलो."

"विसरलात?"

"साफ विसरलो. सोमवारी सकाळी दाढी करताना आठवलं. तसाच साबणासकट खाली पळत आलो. बघतो तर झाकण बाजूला, आणि तू बरणीत ब्रश बुडवतेयस. मला म्हणालीस, हे काय, अर्धीच दाढी?"

बाईंना ती अर्धी दाढी आठवली.

"मला वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. म्हणून सातव्या रविवारी मुद्दाम गळा पुसला नाही. तरी उघडलंस. आठव्या रविवारी वरून थोडी खळ फासली. उघडलंस! मग मलाच चेव आला. दर रविवारी जरा जास्त फासायला लागलो, झाकण आणखी आवळायला लागलो. काल तू बघितलंस ते सैल करताना नाही. काल गळ्याला बोटभर खळ लावली, ओलं फडकं गुंडाळून अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. माझंच मनगट दुखतंय अजून."

"आणि हे मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? हे सांगायचं तर आधीचे पाच सांगावे लागले असते ना!"

बाईंना विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता. हाच माणूस पाच सोमवार खोटं वागला, आता पुन्हा आपलं मन राखण्यासाठी थापा मारत नसेल कशावरून?

मास्तरांनी ते ओळखलं. त्यांनी बरणी उचलली आणि ग्रंथपालांच्या पुढ्यात ठेवली. "साहेब, तुम्ही उघडा. तुम्ही तर आमच्यापैकी कुणाच्याच बाजूचे नाही."

ग्रंथपालांनी हसत हसत झाकण धरलं. मग हसणं थांबलं. मग बाही वर सारली. मग बरणी बगलेत धरून बघितली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळाची शीर फुगली, आणि झाकण जागचं हललं नाही. "हे... हे काय झाळलंय की काय?" ते धापा टाकत म्हणाले.

बाई उठल्या.

"बसा पाच-दहा मिनिटं, साहेब," त्या म्हणाल्या. "माझे हात अजून उठले नाहीत. अहो, पाणी कोमट करा."

मास्तर तीन पायऱ्या एकदम चढून गेले. टब खाली आला. बाईंनी ग्रंथपालांच्या देखत दोन्ही हात पाण्यात बुडवले. मूठ मिटली, उघडली. अंगठा एकेका बोटाला लावला. करंगळी अजून पुरती वाकत नव्हती, ती कधी वाकणारही नव्हती कदाचित. घाई केली नाही. ग्रंथपाल घड्याळाकडे बघायचंही विसरले.

हात पुसून बाईंनी बरणीखाली ओलं फडकं घातलं, झाकणावर रबराची चकती ठेवली. बोटांनी काहीच धरलं नाही. तळहात सपाट टेकवला, कोपर अंगाशी आणलं, आणि खांद्यापासून सगळं वजन हळूहळू त्यात उतरवलं. काही झालं नाही. श्वास घेतला, पुन्हा वजन टाकलं. बरणीच्या गळ्याशी कर्र झालं. वाळलेल्या खळीचा एक पापुद्रा टेबलावर गळून पडला. तिसऱ्या वेळी झाकण फिरलं.

बाईंनी ते काढून टेबलावर उपडं ठेवलं. आतून खरंच बोटभर खळीचं कडं होतं.

त्यांना एवढा अभिमान वाटला, एवढा, की छातीत मावेना. पहिलं पुस्तक शिवलं तेव्हा वाटला नव्हता, लेक पास झाली तेव्हा वाटला नव्हता. मास्तर एकदम पाठ फिरवून पुठ्ठ्यांचा गठ्ठा लावायला लागले. तो आधीच लावलेला होता.

"साहेब, ग्रंथ ठेवून जा," बाई म्हणाल्या. "पण तीन महिने लागतील. मी वीस मिनिटं शिवणार आणि दहा मिनिटं थांबणार. ज्या दिवशी हात नाही म्हणतील त्या दिवशी सुईला हात लावणार नाही. दुपारी झोपणार. चालेल?"

"बाई, शंभर वर्षं थांबलाय तो," ग्रंथपाल म्हणाले. "तीन महिने काय घेऊन बसलात!" आणि दारातून जाताना त्यांनी स्वतःचा तळहात उघडून एकदा बघितला.

ते गेल्यावर बाई कॅलेंडरपाशी गेल्या. सोळावी रेघ ओढली. मग खोडरबर घेऊन पहिल्या पाच रेघा पुसायला लागल्या.

"अगं, राहू दे ना," मास्तर म्हणाले. "एवढ्या पाचांनी काय होतंय?"

"ते पाच तुमचे. माझे अकरा आहेत." त्यांनी कागदावरचा रबराचा भुगा फुंकरीनं उडवला. "आणि पुढच्या रविवारपासून बरणीचा गळा स्वच्छ पुसून ठेवायचा. मला पुस्तक शिवायचंय, रोज झाकणं उघडत बसायचं नाही. व्यायामताईला हे कळलं तर तुमचीच कणीक तिंबेल."

"ठेवतो," मास्तर म्हणाले. इतक्या आनंदानं त्यांनी आजवर कुठलीच बोलणी खाल्ली नव्हती.

बाईंनी खुंटीवरून टोपली उतरवली. फडकं झटकलं. दोरा घेतला, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला, सुई सुयांच्या उशीतून उपसली. चिमटीत धरली. ती गळून पडली नाही. उजेडासमोर धरून त्यांनी दोरा नाकाशी नेला, पुन्हा दूर नेला, पुन्हा जवळ आणला. मग सुई आणि दोरा दोन्ही मास्तरांपुढे धरले.

"एवढी ओवून द्या."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "का गं? हात..."

"हातांना काय झालंय? कालपासून चष्मा सापडत नाहीये मला."